तीन वर्षे, पाच घड आणि अकरा अंजिरे : शास्त्रातील फळझाडे देणाऱ्या एका रोपवाटिकेविषयी

२०२१ च्या जुलैतील महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या चर्चच्या आवारात शिरले आणि ते ओसरल्यावर कुंपणालगतचे जुने पेरूचे व सीताफळाचे झाड आठ-दहा दिवस हिरवे राहून मग मुळे कुजल्याने वाळून गेले. सुमारे तीस फूट लांबीची ती पट्टी वर्षभर रिकामी होती. मी रविवार शाळेत चौदा वर्षे शिकवते. द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, जैतून हे शब्द आमच्या मुलांना तोंडपाठ आहेत. पण तासगावकडून येणारी द्राक्षांची पेटी आणि दुकानातील दोऱ्यात ओवलेली सुकी अंजिरे यांपलीकडे त्यांनी काही पाहिलेले नव्हते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या वचनदत्त देशाचे वर्णन गहू, जव, द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध या सात गोष्टींनी केलेले आहे. त्यांतील जी झाडे आपल्या मातीत तगतील ती या पट्टीत लावावीत, असा प्रस्ताव मी चर्चच्या पंचांपुढे ठेवला आणि तो मान्य झाला. रोपे कोठून आणली, ती कशी निघाली आणि त्या निमित्ताने शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, फळाविषयीची माझी समजूत कशी बदलली, हे तीन वर्षांनंतर लिहीत आहे. एखाद्या रोपवाटिकेविषयी पहिल्या पावसाळ्यातच मत देणे योग्य नव्हे, असे माझे मत झाले आहे.

ही रोपवाटिका रत्नागिरी रस्त्यालगत, कोल्हापूर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या जमिनीत आहे. पुढे एक गंभीर दोष सांगायचा असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. बाहेरून ती इतर रोपवाटिकांसारखीच दिसते : पुढच्या बाजूला गुलाब, जास्वंद आणि शोभेच्या कुंड्या, मागे हिरव्या जाळीखाली फळझाडांच्या पिशव्यांच्या रांगा. वेगळेपण मागच्या भागात आहे. तेथे कलमे बांधण्याचे काम करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. पहिल्याच भेटीत मी अंजिराच्या अशा रोपावर बोट ठेवले, ज्याच्या पानांच्या बगलेत बोराएवढी चार हिरवी फळे धरलेली होती. मुलांना दाखवायला याहून चांगले काय, असा माझा विचार होता. मामांनी रोप उचलले, ती चारही फळे नखाने खुडली आणि मग पिशवी माझ्या हातात दिली. देठातून पांढरा चीक ओघळून त्यांच्या बोटांवर आला. ते म्हणाले, “बाई, फळ धरलेलं रोप न्याल तर रोपच जाईल. दोन वर्षं येईल ते फळ असंच काढत जावा. आधी मूळ धरू दे त्याला.”

बाजारातील चाल याच्या अगदी उलट आहे. पिशवीत फळ लागलेले रोप लवकर विकले जाते, म्हणून पुष्कळ ठिकाणी फळ मुद्दाम राखले जाते, आणि गिऱ्हाईकही तेच पाहून पैसे मोजते. विक्रीला उपयोगी पडणारी गोष्ट विक्रेत्याने स्वतःच्या हाताने काढून टाकावी, ही या रोपवाटिकेची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी जमेची बाजू होय. घरी येऊन मी बायबलमधील लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पुन्हा वाचला. देशात गेल्यावर फळझाडे लावाल तेव्हा पहिली तीन वर्षे त्यांचे फळ खाऊ नका, चौथ्या वर्षीचे सगळे फळ परमेश्वराच्या स्तवनासाठी पवित्र समजा आणि पाचव्या वर्षी ते तुम्ही खा, अशी तेथे आज्ञा आहे. हा उतारा मी अनेकदा वाचला होता. पण तो एक जुना नियम म्हणून वाचून पुढे जात असे. मामांच्या नखाने खुडलेली ती चार फळे पाहिल्यावर प्रथमच ध्यानात आले की या आज्ञेत झाडाची काळजीही आहे आणि माणसाच्या घाईला घातलेला बांधही आहे.

रोपांची यादी देते. अंजिराची दोन, डाळिंबाची दोन आणि द्राक्षाची दोन अशी सहा रोपे आम्ही जुलै २०२२ मध्ये घेतली. अंजीर काडीपासून तयार केलेले, पुना अंजीर या वाणाचे. डाळिंब गुटी कलमाचे (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले), भगवा वाणाचे. आणि द्राक्ष डॉगरीज या काटक वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळांसह खालच्या भागावर, थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाची काडी बांधलेले. अंजिराचे रोप एकशे वीस रुपयांना, डाळिंबाचे सत्तर रुपयांना आणि द्राक्षाचे कलम दीडशे रुपयांना पडले. शहरातील दुकानांच्या मानाने हे दर रास्त होते. रोपे चर्चपर्यंत पोहोचवण्याचे वेगळे तीनशे रुपये घेतले, तेही मला वावगे वाटले नाही, कारण टेम्पोत प्रत्येक पिशवी उसाच्या पाचटात उभी रोवून आणली होती आणि एकाही पिशवीतील मातीचा गोळा फुटलेला नव्हता.

जैतूनही मी मागितले होते. एका कोपऱ्यात त्याची पाच-सहा रोपे होती आणि शोभेसाठी म्हणून ती चांगल्या किमतीला जात होती. जैतुनाला मोहोर येण्यासाठी जशी थंडी लागते तशी कोल्हापुरात पडत नाही. राजस्थानात त्याची लागवड झाली आहे, इथे मात्र पाने मिळतील, फळ मिळणार नाही, असे मालकांनी स्वतःहून सांगितले आणि चर्चमध्ये लावायचे असेल तर विचार करून न्या, असेही म्हटले. ‘चर्चमध्ये लावायचे असेल तर’ हे त्यांचे शब्द माझ्या मनात राहिले. ते ख्रिस्ती नाहीत. तरी देवाच्या घरी नुसत्या पानांचे झाड नको, एवढे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लिहिते, कारण या रोपांविषयी मला विचारणाऱ्या शेजाऱ्यांना ती नेहमी सांगावी लागते. आपल्या मराठी बोलण्यात फळ हा शब्द बहुतेक वेळा मिळण्याशी जोडलेला असतो. कष्टाचे फळ मिळते, कर्माचे फळ भोगावे लागते, नवस फळाला येतो. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या जीवनाच्या वृत्तांतात, हाच शब्द येतो तेव्हा दिशा बदलते. तेथे माणूस फळ खाणारा नसून फळ देणारा आहे. तो झाड आहे किंवा वेलीचा फाटा आहे, आणि झाड आपले फळ स्वतः खात नाही. म्हणून मत्तयाच्या सातव्या अध्यायात झाड फळांवरून ओळखावे असे येशू सांगतो, तेव्हा त्या माणसाला काय लाभले याचा हिशेब तो मागत नाही. त्याच्यापासून दुसऱ्याला काय मिळाले, हे तो विचारतो. काटेऱ्यांवर अंजीर येत नाही, हे त्याचे उदाहरण शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. विश्वास डोळ्यांनी दिसत नाही, मूळही दिसत नाही. दिसते ते फळ, आणि तेही दुसऱ्याच्या ओंजळीत.

आता तो दोष. द्राक्षाच्या दोन वेलींपैकी एक पहिल्या चार महिन्यांतच दुसरीच्या दुप्पट वाढली. तिने तारेचा मंडप गाठला, भिंतीवर पाने पसरली, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिचेच कौतुक करी. दुसरी वेल कशीबशी कमरेएवढी झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये मामा पाहणीला आले. त्यांनी वरची पाने पाहिलीच नाहीत. खाली बसून मातीपासून वीतभर उंचीवर कलमाचा जोड चाचपला आणि वाळलेली बारीक काडी दोन बोटांत धरून मोडून दाखवली. बांधलेली थॉमसनची काडी केव्हाच मेली होती. एवढी वाढली होती ती जोडाच्या खालून, खुंटातून फुटलेली वेल होती. मग त्यांनी दोन्ही वेलींची पाने शेजारी धरली : थॉमसनचे पान कातरलेले, हिचे जास्त गोलसर. फरक इतका उघड होता, तरी सात महिने आमच्यापैकी कोणाच्याही तो ध्यानात आला नव्हता.

रोप देतानाच जोड तपासणे हे रोपवाटिकेचे काम होते. ते नीट झाले नाही, आणि दीडशे रुपये घेऊन त्यांनी आम्हाला निव्वळ खुंट दिला, हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. चूक त्यांनी तत्काळ मान्य केली आणि जून २०२३ मध्ये नवे कलम विनामूल्य आणून स्वतः लावून दिले. पण एक वर्ष गेले ते गेलेच. ज्या शेतकऱ्याने एकरभर लागवड केली असेल त्याला अशा वर्षाची किंमत फार मोठी पडेल. तेव्हा येथून कलम घेणाऱ्याने घेताना जोडाच्या वर फूट आहे की खाली, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि लावल्यानंतरही खुंटातून येणारे फुटवे लगेच काढत राहावे.

त्या दिवशी जोडापाशी बसून मामांनी जे समजावले त्याने रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय मला नव्याने कळला. कलमाची सर्वत्र चालणारी रीत अशी की खुंट रानटी आणि काटक घ्यायचा, त्यावर गोड फळाची काडी बांधायची. खुंट खारे पाणी, चुनखडीची जमीन, पाण्याचा ताण सोसतो आणि काडी फळ देते. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल मात्र रानटी जैतुनाची फांदी चांगल्या, लागवडीच्या जैतुनावर कलम केल्याचे सांगतो आणि हे निसर्गाविरुद्ध झाले असे स्वतःच म्हणतो. फळासाठी माळी सहसा असे करत नाही, कारण रानटी फांदीला रानटीच फळ येणार. पौलाच्या म्हणण्याचा सगळा जोर त्या ‘निसर्गाविरुद्ध’ या शब्दावर आहे : बाहेरच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या, लोकांना मुळाचा रस मिळाला तो त्यांच्या गुणांमुळे नव्हे, म्हणून त्यांनी तोडलेल्या फांद्यांपुढे, म्हणजे विश्वास न ठेवलेल्या यहुद्यांपुढे, फुशारकी मारू नये, कारण मूळ त्यांच्या आधारावर नसून तेच मुळाच्या आधारावर आहेत. कलम बांधताना कधीच न पाहिलेल्या माझ्यासारखीला हा उतारा केवळ सुंदर उपमा वाटत होता. तो किती धक्का देणारा आहे, हे जोड चाचपल्यावर कळले.

चांगली निघालेली वेल हळूहळू सावरली. छाटणीसाठी रोपवाटिकेचा माणूस बोलावता येतो; एका भेटीचे अडीचशे रुपये घेतात, आणि माझ्या मते या रोपवाटिकेची सर्वांत मोलाची सेवा हीच आहे. महाराष्ट्रात द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. एप्रिल २०२४ मध्ये मामांनी कात्री चालवली तेव्हा मुले अक्षरशः हळहळली. पाने गेली, काड्या गेल्या, ओलांड्यावर (तारेवर आडव्या धरलेल्या जाड फांदीवर) एक-दोन डोळ्यांची खुंटे तेवढी राहिली. भर उन्हात ती वेल पाहून एका आजींनी, वेल मारून टाकली का, असे विचारले. पण पुढे नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांवरील डोळ्यांच्या आत पुढच्या दीड-दोन महिन्यांत घडाची घडण होते. बाहेर काही दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये काडी ठरावीक डोळ्यांवर छाटली की मग तो घड फुटीबरोबर बाहेर पडतो. म्हणजे फळ दिसते ऑक्टोबरनंतर, पण ते तयार झालेले असते वैशाखात, नव्या काड्या वाढत असताना, डोळ्यांच्या आत.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात पिता माळी आहे, येशू खरा द्राक्षवेल आहे आणि शिष्य फाटे आहेत. फळ न देणारा फाटा माळी काढून टाकतो. फळ देणारा फाटा तो साफ करतो, अधिक फळ यावे म्हणून. कात्री दोघांनाही लागते, हे मी मुलांना कितीदा सांगितले असेल. आता सांगावे लागत नाही. मूळ ग्रीक भाषेत ‘साफ करणे’ आणि पुढच्याच वचनातील ‘शुद्ध’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. मराठीत ते वेगळे पडल्यामुळे आपल्या वाचकाच्या हातून हा दुवा सुटतो. वचनाने शुद्ध होणे आणि छाटले जाणे ही तेथे एकच क्रिया आहे. आणि चौथ्या वचनात ज्या गोष्टीवर भर आहे ती फळासाठी धडपडण्याची नाही, वेलीत राहण्याची आहे. आमच्या खुंटाच्या वेलीने जोमाने वाढण्यात काहीच कसर ठेवली नव्हती. जोड मात्र तुटलेला होता.

अंजिरांविषयी. दोन्ही झाडे उत्तम आहेत. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, त्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे लागते आणि ते कसे बनवायचे हे रोपवाटिकेने कागदावर लिहून दिले. दुसऱ्या वर्षी एक झाड इतके मरगळले की एका पंचांनी ते काढून तेथे नारळ लावण्याची सूचना केली. लूकच्या तेराव्या अध्यायातील दाखला त्या बैठकीत कोणी वाचून दाखवला नाही, पण सगळ्यांनाच तो आठवला असावा. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, मिळत नाही, तोडून टाक म्हणतो, आणि माळी म्हणतो की एवढे वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. या दाखल्याला शेवट नाही. पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे येशू सांगत नाही. तो ऐकणाऱ्यांना माळ्याच्या हातातील कुदळीपाशी सोडून देतो. मी फोन केल्यावर मामांनीही तेच सांगितले : आळे मोठे करा, मूळ न दुखवता माती सैल करा, कुजलेले शेणखत दोन घमेली घाला, पाणी साचू देऊ नका. झाड सावरले. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यावर सात आणि दुसऱ्यावर चार अशी अकरा अंजिरे पिकली.

मार्काच्या अकराव्या अध्यायातील अंजीर मला पूर्वी फार छळत असे. भुकेल्या येशूला पानांनी भरलेल्या झाडावर फळ मिळत नाही आणि तो त्याला शाप देतो. हंगाम नव्हता, असे शुभवर्तमानकार स्वतः सांगतो, मग त्या झाडाला शाप का? आता इतके दिसते की अंजिराला पालवीबरोबरच, पानाच्या बगलेत, फळाची गाठ धरते. दुरून भरगच्च पाने दिसली तर जवळ जाणाऱ्याला निदान कच्चे फळ मिळायला हवे. त्या झाडाने पानांनी जे आश्वासन दिले ते खोटे होते. या एका स्पष्टीकरणाने सगळी अडचण सुटते असे मी म्हणत नाही. पण लगेच पुढे येशू मंदिरातून व्यापाऱ्यांना बाहेर घालवतो तो प्रसंग येतो, तेथील गजबज आणि पोकळपणा येतो, हे लक्षात घेतले की झाड आणि मंदिर एकमेकांशेजारी का ठेवले आहेत, ते कळते.

डाळिंबाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. झाडे निरोगी आहेत, फुले भरपूर येतात, गळतातही भरपूर. प्रमुख याजकाच्या झग्याच्या घेरावर सोन्याच्या घंटा आणि रंगीत सुताची डाळिंबे आळीपाळीने लावावीत, असे निर्गम या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. आमच्या मुलींनी ते ऐकून लाल लोकरीची डाळिंबे विणली आणि ती सध्या वेदीच्या कापडाला लावलेली आहेत.

वर्गातील माझा स्वतःचा एक तक्ता मी या काळात बदलला. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन यांसाठी मी नऊ वेगवेगळी फळे काढत असे, सफरचंदापासून केळ्यापर्यंत. पण पौल तेथे एकवचन वापरतो : आत्म्याचे फळ, फळे नव्हे. आमच्या मराठी शास्त्रातही एकवचनच आहे आणि मी वर्षानुवर्षे त्यावरून नजर फिरवत होते. कलेकलेने पिकणारे एकच अंजीर झाडावर पाहिल्यावर नऊ फळांचे चित्र मला खोटे वाटू लागले. आता तक्त्यावर एकच अंजीर आहे, आणि आत दाटीने बसलेल्या बारीक बियांपाशी ती नऊ नावे लिहिली आहेत.

सेवेतील उरलेल्या उणिवाही नोंदवते. जून-जुलैत रोपवाटिकेचा फोन बहुधा उचलला जात नाही. गर्दीचा काळ आहे हे खरे, पण ज्यांची रोपे त्याच काळात रोगाला बळी पडतात त्यांनी काय करावे? पिशव्यांवर वाणाचे नाव नसते, नुसता रंगाचा ठिपका असतो. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि मामा गेल्यावर येथे कलम पाहणारा दुसरा माणूस कोण, हे मला अजून दिसलेले नाही. शोभेची रोपे हवी असतील तर इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. ज्यांना फळझाड लावून ते वाढवायचे आहे आणि थांबण्याची तयारी आहे, त्यांनी मात्र जरूर जावे.

फळांच्या चवीविषयी मी काही लिहू शकत नाही. मामांनी दोन वर्षे सांगितली होती. लेवीयाचा अध्याय वाचल्यावर मुलांनी तीन ठरवली. आपल्यावर त्या नियमाचे बंधन नाही, हे मी त्यांना समजावले आणि पंचांपैकी काहींना फळ वाया जाणे पटले नाही, तरी मुले ठाम राहिली. त्यामुळे मार्चमधील द्राक्षांचे पाच घड आणि उन्हाळ्यातील अकरा अंजिरे बुलबुलांनी खाल्ली. जुलै २०२५ मध्ये चौथे वर्ष लागले. या वर्षीचे पहिले फळ उपासनेत टोपलीतून वेदीपुढे आणायचे ठरले आहे. फळ छाटणीसाठी मामांना ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोलावले आहे, आणि बदलून दिलेल्या वेलीचा जोड त्यांनी त्या दिवशी पुन्हा एकदा तपासावा, असे सांगून ठेवले आहे.